फुकटच्या हवेचा हिशेब

द्वारका चौकात सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले की नाशिक जागे झाल्याचे कानांना आधी कळते. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे मिळतात. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी काही हटलेली नाही. रिक्षांचे हॉर्न, सिटीबसचे इंजिन, वाहतूक पोलिसाची शिट्टी हे सगळे ऐकू येतेच. पण त्या सगळ्याच्या खालून सतत येणारा एक आवाज आहे, तिकडे कुणाचे लक्ष नसते. ‘फुस्स’. कसारा घाट चढून आलेला एखादा ट्रक सिग्नलला थांबतो, ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय उचलतो आणि ब्रेकच्या डब्यांत कोंडलेली हवा बाहेर सुटते. पुढचा ट्रक, पुन्हा फुस्स. गेली तीसेक वर्षे हा चौक माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे आणि तो आवाज मी मोजत आलो आहे. मोजत आलो होतो, असे म्हणायला हवे. त्याचे कारण पुढे येईल.

ती हवा कुठून आली होती? इंजिनाला जोडलेल्या छोट्या कॉम्प्रेसरने डिझेलच्या जोरावर ती दाबून टाकीत भरली होती. एकदा वापरली आणि सोडून दिली. डिझेल सांडले तर ड्रायव्हर धावत उतरतो. हवा सांडली तर कुणी मागे वळूनही पाहत नाही. हवा फुकट आहे, ही समजूत आपल्या मनात फार खोल बसलेली आहे. ती कुठे मोडली, कुठे टिकली आणि का, याचा शोध मी माझ्या परीने घेत आलो. त्यातले थोडे इथे मांडतो.

माझ्या अधिकाराविषयी आधीच सांगून टाकतो. मी इंजिनीअर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. आयटीआयमधून फिटर झालो आणि अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात वीस वर्षे काढली. कामावरून सुटलो की सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत ‘सावाना’त, जाऊन बसायचे ही सवय. १८४० पासूनचे हे वाचनालय. तिथे आधी कादंबऱ्या वाचल्या, मग रेल्वेची पुस्तके, मग यंत्रांची. इंग्रजी मी शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो.

हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या गोष्टीतले खरे पात्र कॉम्प्रेसर नाही, झडप आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो एवढेच. ती कुठे जाईल, किती जाईल, कधी थांबेल आणि काम झाल्यावर कुठून सुटेल, हे सगळे झडप ठरवते. लोहाराचा भाता पाहा. कातड्याच्या पिशवीत आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. भाता उघडला की पडदा उचलला जातो आणि हवा आत येते. भाता दाबला की पडदा भोकावर बसतो आणि हवेला नळीतून विस्तवाकडे जाण्यावाचून वाट राहत नाही. हा पडदा फाटला तर लोहाराने कितीही जोर लावला तरी निखारा फुलत नाही. म्हणून लोहाराला त्या पडद्याची काळजी. भाता त्याच्याच हाताने चालतो, वाया गेलेली हवा त्याच्याच दंडात दुखते. पेटीवाल्याचेही तसेच. ज्या पेटीचा भाता गळका, तिचा वादक गाण्यापेक्षा डाव्या हाताच्या हलवण्यातच थकतो. जो हवा दाबतो तोच ती वापरतो, तिथे हिशेब आपोआप राहतो.

आता नाशिकच्याच दारातली एक गोष्ट. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ. हा घाट ज्या वर्षांत खोदला जात होता, त्याच वर्षांत फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या आल्प्स पर्वतात माँ सेनीचा बोगदा खोदला जात होता. काम सुरू झाले १८५७ मध्ये, आरपार भोक पडले डिसेंबर १८७० मध्ये. लांबी सुमारे १३ किलोमीटर. एकाच दशकातली ही दोन कामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आपल्या घाटात बोगदे खोदले गेले ते पहार, घण आणि सुरुंगाच्या दारूने. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पडले की दारू ठासायची. सह्याद्रीचा काळा पाषाण किती चिवट असतो हे विहीर खोदलेल्या कुणालाही विचारा. हजारो मजूर, त्यांच्यात वरचेवर पटकी. माँ सेनीतही सुरुवात हातानेच झाली. पण तिथला इंजिनीअर जेर्मां सोमेये याने १८६१ मध्ये बोगद्यात दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे आणली. वाफेचे यंत्र बोगद्यात चालवता येत नव्हते, धुराने माणसे गुदमरली असती. म्हणून त्याने डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याच्या जोरावर बाहेर हवा दाबली आणि लोखंडी नळांतून ती आत नेली. यंत्राने ठोका मारला की वापरलेली हवा तिथेच सुटायची आणि आतले मजूर तीच श्वासात घ्यायचे. सुटलेली हवा तिथे कचरा नव्हती. दाबलेल्या हवेच्या पुढच्या इतिहासात असे फार क्वचित घडले. सोमेयेला मात्र बोगद्याचे उद्घाटन पाहायला मिळाले नाही. १८७१ च्या सप्टेंबरात ते झाले, तो त्याच जुलैत वारला.

आपल्याकडे ती यंत्रे का आली नाहीत, यावर मी बराच विचार केला. तंत्र नवे होते, हे खरे. आपले बोगदे लहान, तिथला एकच बोगदा अवाढव्य, हेही खरे. पण मला वाटते, मुख्य कारण साधे आहे. इथे माणसाचा दंड हवेपेक्षा स्वस्त होता.

माँ सेनीच्या या यंत्रांची हकिकत अमेरिकेत एका तरुणाने मासिकात वाचली. जॉर्ज वेस्टिंगहाऊस त्याचे नाव, वय २२. आगगाडी थांबवायची म्हणजे त्या काळी प्रत्येक डब्यावर माणूस धावत जाऊन हाताने ब्रेक आवळायचा. नळातून एवढ्या लांब हवा नेऊन खडक फोडता येतो, तर डब्यांचे ब्रेक का आवळता येणार नाहीत, असे त्याच्या मनात आले. एप्रिल १८६९ मध्ये त्याने पेटंट घेतले. पहिली रचना सरळ होती. इंजिनावर हवेची टाकी, तिथून शेवटच्या डब्यापर्यंत नळ. ड्रायव्हरने झडप उघडली की हवा नळातून धावत जाऊन ब्रेक दाबते. त्यात दोन खोटी. सगळी हवा इंजिनावरून शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे पुढचे डबे थांबायचे आणि मागचे त्यांच्यावर आदळायचे. आणि नळ तुटला तर ब्रेकच नाही.

१८७२ मध्ये त्याने यावर जो तोडगा काढला, तो माझ्या मते हवेच्या यंत्रांच्या इतिहासातला सगळ्यांत हुशार तुकडा आहे. त्याचे नाव ट्रिपल व्हॉल्व्ह. प्रत्येक डब्याखाली हवेची एक छोटी टाकी दिली आणि तिच्याजवळ ही झडप. नळात दाब भरलेला असतो तोवर झडप टाकी भरत राहते आणि ब्रेक मोकळे ठेवते. ड्रायव्हरने नळातला दाब थोडा कमी केला की झडप सरकते आणि डब्याची स्वतःची टाकी ब्रेककडे उघडते. नळात दाब परत वाढला की ब्रेकमधली हवा बाहेर सोडून टाकी पुन्हा भरायला घेते. नळ तुटला तर दाब आपोआप उतरतो आणि ब्रेक लागतात. सुरक्षिततेसाठी या शोधाचे कौतुक होते, ते योग्यच. मला त्यात दुसरेही काही दिसते. लांबच्या नळातून आता जोर जात नव्हता, फक्त निरोप जात होता. जोर लावणारी हवा कामाच्या ठिकाणी, हाताच्या अंतरावर साठवलेली होती. आज कारखान्यात हवा वाचवण्याचे जे पहिले कलम सांगितले जाते, ‘झडप सिलिंडरच्या जवळ बसवा’, त्याचे मूळ मला इथे दिसते.

भारतात मात्र रेल्वेने हवेचा ब्रेक घेतला नाही, निर्वाताचा घेतला. इंग्लंडातल्या कंपन्यांचा कल तिकडे होता आणि आपली रेल्वे त्यांच्याच मापाने शिवलेली. आयर्लंडमध्ये आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी चढावर सुटलेले डबे मागे घसरून ८० माणसे मेली. त्या गाडीला निर्वाताचा साधा ब्रेक होता, डबे तुटले की तो निकामी होई. त्याच वर्षी कायदा झाला, की प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक हवाच. आपोआप लागणारा निर्वात ब्रेक या कायद्यात बसत होता, आणि तोच पुढे आपल्याकडे रुजला. त्यात नळातली हवा उपसून पोकळी करायची आणि बाहेरची हवा आत सोडली की ब्रेक लागायचे. माझ्या पिढीला साखळी ओढल्यावर येणारा सुस्कारा आठवत असेल, तो हवा आत शिरण्याचा होता. या ब्रेकची अडचण अशी की बाहेरच्या हवेचा दाब आहे तेवढाच, त्याहून जास्त जोर मिळणार कुठून? शंभर वर्षे हे चालले. गाड्या लांब आणि जड होत गेल्या, तेव्हा ऐंशीच्या दशकापासून आपल्या रेल्वेने हवेच्या ब्रेककडे वळायला सुरुवात केली. आज डब्यांखालच्या नळात ५ किलोचा दाब असतो.

घाटात ब्रेकच्या हवेचा हिशेब म्हणजे जिवाचा हिशेब. उतारावर ब्रेक लावला, सोडला, लावला, सोडला, असे लवकर लवकर केले तर टाक्या पुन्हा भरायला सवड मिळत नाही. दर खेपेला जोर कमी. म्हणून घाटात गाडीवर ताबा सुटलाच तर तिला चढावर वळवून थांबवायला कॅच सायडिंग ठेवलेली असते. घाट विजेवर आल्यावर जी जुनी इंजिने आली, ज्यांना रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, ती तर उतरताना स्वतःच वीज तयार करून तारेत परत देत आणि त्या ओढीने गाडी आवरत. ब्रेकला जितके कमी हात लावता येईल तितके बरे, हे शहाणपण तिथे फार जुने.

रस्त्याच्या घाटात हे शहाणपण प्रत्येक ड्रायव्हर नव्याने शिकतो. आपल्या ट्रकांचे एअर ब्रेक देशातच बनू लागले ते साठच्या दशकात; मद्रासजवळ पाडी इथे सुंदरम-क्लेटन ही कंपनी १९६२ मध्ये निघाली, इंग्लंडच्या क्लेटन ड्युआंद्रेच्या सहकार्याने. माझा मामा ऐंशीच्या दशकात ट्रक चालवायचा. लासलगावचा कांदा भरायचा आणि द्वारकेवरून मुंबईला न्यायचा. सकाळी इंजिन चालू करून तो बिडी ओढत थांबायचा, ‘हवा बनू दे’ म्हणायचा. काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्याच्या गाडीत एका चाकाच्या ब्रेकच्या डब्यातला रबरी पडदा चिरलेला होता. ब्रेक दाबला की तिथून हवा निसटायची. दाब उतरला की वाजणारा बझर त्यामुळे सारखा वाजायचा, म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. कुणी, ते मामाने कधी सांगितले नाही. एका पहाटे कसारा घाट उतरताना पुढे गाडी आडवी आली. मामाने पाच-सहा वेळा ब्रेक मारला आणि सातव्या वेळी पाय रिकामा खाली गेला. त्या काळच्या बऱ्याच ट्रकांना हवा संपल्यावर स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक नव्हता. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. क्लीनरने उडी मारली, त्याचा पाय मोडला. मामा वाचला, पण पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. दहा-वीस रुपयांचा रबरी पडदा, एवढेच तो पुढे कधीकधी बोलायचा.

आणि कारखान्यात? तिथे जिवाचा प्रश्न नसतो. म्हणूनच तिथे हवा सर्वांत जास्त सांडली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पुढे सातपूर, मग अंबड अशा वसाहती उभ्या राहिल्या. ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला. त्याआधी पुण्यात १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक निघाली होती, १९६० मध्ये स्वीडनची ॲटलास कॉप्को भारतात आली. म्हणजे कॉम्प्रेसर आता आपल्या राज्यातच मिळू लागला. सिलिंडर, सोलेनॉइड झडप, पाइप आणि गाळणी जोडली की हाताने करायचे काम यंत्र करू लागे. पकडणे, ढकलणे, दाबणे, फुंकणे. हवेची ही यंत्रे मालकांना आवडली आणि आम्हा फिटर लोकांनाही. ती जळत नाहीत, जास्त भार आला तर नुसती थांबतात, पाण्यातेलात बिघडत नाहीत, आणि दहावी पास पोरगाही पाना घेऊन दुरुस्त करतो. हवेची खरी किंमत या सोयीमागे दडून राहिली.

ती किंमत सांगतो. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊन निघून जातो. शेवटी कामाच्या जागी पोचतो तो जेमतेम १० ते ३० टक्के. ७ बारच्या लाइनला ३ मिलिमीटरचे एक भोक असेल तर सेकंदाला सुमारे १० लिटर हवा निघून जाते, तिच्यासाठी कॉम्प्रेसर साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज खातो. चोवीस तासांत ८० युनिटच्या वर. घरातला एखादा मोठा हीटर रात्रंदिवस चालू ठेवून कुलूप लावून गावाला जावे, तसे.

गळती दिसते, निदान ऐकू येते. झडपेच्या जागेमुळे होणारी नासाडी मात्र कुणाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. मला ती समजायला अनेक वर्षे लागली. ५० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर चालीचा साधा सिलिंडर घ्या. ६ बारवर तो एकदा जाऊन परत येतो तेव्हा बाहेरच्या मोकळ्या हवेच्या मापाने अडीच लिटर हवा खर्च होते. आता त्याची झडप पॅनलमध्ये बसवली आहे आणि पॅनल ३ मीटर लांब आहे. आतून ६ मिलिमीटरच्या दोन नळ्या तिथपर्यंत गेल्या आहेत. दर फेरीला या नळ्याही भरतात आणि रिकाम्या होतात. त्यांत जाते सुमारे एक लिटर. काम काहीच नाही. अडीच लिटरच्या कामाला एक लिटर वाटखर्च! झडप उचलून सिलिंडरपासून वीतभर अंतरावर नेली तर हा वाटखर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. १८७२ मध्ये वेस्टिंगहाऊसने डब्याखाली जे केले, ते आम्ही शंभर-सव्वाशे वर्षांनी पॅनलमध्ये करत नव्हतो.

दुसरी गोष्ट परतीच्या चालीची. सिलिंडर पुढे जाताना काम करतो, मागे येताना बहुधा रिकामा येतो. तरी दोन्ही बाजूंना तोच ६ बारचा दाब. परतीच्या बाजूला वेगळा रेग्युलेटर लावून ३ बार ठेवला तर एकूण हवेतली पाचव्या हिश्श्याइतकी वाचते. रेग्युलेटरची किंमत काही महिन्यांत निघते. आणि तिसरी, सगळ्यांत साधी: यंत्र बंद असताना त्याच्याकडे जाणारी हवा बंद करणारी एक झडप. जेवणाच्या सुट्टीत शेड शांत झाली की ठिकठिकाणची सूं सूं ऐकू यायची. कुणाला ती खटकत नसे. उलट, कॉम्प्रेसर चालू आहे म्हणजे सगळे ठीक, असा आम्हा सगळ्यांचा समज होता.

मी एकदा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसरजवळ मनगटी घड्याळ घेऊन बसलो. एकही यंत्र चालू नव्हते. तरी कॉम्प्रेसर १ मिनिट ४० सेकंद भार घ्यायचा, ३ मिनिटे २० सेकंद मोकळा फिरायचा, पुन्हा भार. म्हणजे त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा नुसत्या गळतीला. मी हे कागदावर मांडून दाखवले. ‘अरे, हवा आहे ती, हवा,’ असे मला सांगण्यात आले. हसून, प्रेमाने सांगितले. मला अपमान वाटला नाही. पण तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्या विभागाला वीजबिल माहीत नव्हते. बिल ऑफिसात यायचे, हवा शेडमध्ये गळायची, आणि या दोन जागांमध्ये मोठी भिंत होती. मीही तेव्हा ती ओलांडली नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि पंप दुरुस्त करायला गेलो.

हवा मोजून विकता येते, हे पॅरिसने दाखवले होते. तिथे व्हिक्टर पॉप नावाच्या माणसाने १८८० च्या सुमारास रस्त्यांखालून नळ टाकून दाबलेल्या हवेच्या धक्क्यांवर शहरातली घड्याळे चालवली. पुढे तीच हवा छोट्या कारखानदारांना विकली जाऊ लागली. शिवणयंत्र, कातयंत्र, काहीही जोडा आणि वापराल त्याचे पैसे द्या. ते जाळे थेट १९९४ पर्यंत चालू होते. ज्याच्या घरात मीटर फिरते त्याला झडप बंद करायची आठवण करून द्यावी लागत नाही.

आपल्या राज्यात हवेचा हिशेब जिथे खरोखर रोजचा झाला ते गाव म्हणजे इचलकरंजी. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. आता तिथे एअरजेट मागही आहेत. या मागात धोटा नसतो. आडवा धागा हवेच्या झोतानेच कापडातून पलीकडे उडवला जातो. मुख्य तोटी त्याला ढकलते, आणि वाटेत ओळीने बसवलेल्या छोट्या तोट्यांचे गट एकामागून एक उघडून त्याला पुढे पुढे नेतात. प्रत्येक गटाला सोलेनॉइड झडप. ती किती क्षण उघडी राहते, त्यावर हवेचा खर्च ठरतो. धागा पुढे निघून गेल्यावर मागची झडप उघडी राहिली तर ती हवा नुसती कापडावर फुंकली जाते. फार लवकर मिटली तर धागा वाटेतच लोळतो आणि कापडात दोष पडतो. त्यामुळे तिथे झडपेच्या वेळेशी सतत झटापट चालते. मीटरमागे कापडाचा भाव ठरलेला, वीजबिल मालकाच्याच नावावर, आणि मालक बहुधा मागाशेजारीच उभा असतो.

बाकीच्यांना जाग आली ती वरून. १९७३ चे तेलसंकट, मग १९७८ मध्ये इंधनबचतीसाठी पीसीआरए ही संस्था, मग २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आणि २००२ मध्ये त्याखाली स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो. त्या ब्यूरोच्या परीक्षेची पुस्तके मी परीक्षेला न बसताच वाचली. त्यातल्या एका भागात दाबलेल्या हवेवर पूर्ण प्रकरण आहे. माझ्या कागदावरचे गळतीचे गणित त्यात छापलेले पाहून मला जो आनंद झाला, तो कुणाला सांगता आला नाही. पण माझा अनुभव असा की कायद्याने जेवढे केले त्याहून जास्त भारनियमनाने केले. २००५ नंतरची ती वर्षे आठवा. वीज गेली की जनरेटर, आणि जनरेटरचे डिझेल कॅनमधून मोजून आणावे लागे. तेव्हा पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये प्रश्न विचारला गेला, की रिकाम्या वेळी कॉम्प्रेसर का चालतोय? मी खिशातला कागद काढला. या वेळी तो वाचला गेला. दोन आठवड्यांत चाळीसएक गळती बुजवल्या, नऊ झडपा पॅनलमधून काढून यंत्रांवर नेल्या. लाइनचा दाबही एका बारने उतरवला; तेवढ्यानेच वीज सहा-सात टक्के वाचते.

गळती शोधायचे काम माझ्याकडे आले ते कानांमुळे. अल्ट्रासाउंडचे यंत्र महाग होते. पण याच कामात असे लक्षात आले, की शेजारच्या पोराला जी सूं सूं ऐकू येते ती मला येत नाही. तपासणीत निघाले, की वरच्या पट्टीतले आवाज माझ्या उजव्या कानातून गेले आहेत. गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी हीच पट्टी जाते, ४००० हर्ट्झच्या आसपासची. वीस वर्षे सुटणाऱ्या हवेशेजारी उभे राहिल्याचे ते फळ. झडपेच्या तोंडाला लावायचा पितळी सायलेन्सर पन्नास-साठ रुपयांना मिळतो. आमच्याकडे तो कचरा अडकतो म्हणून काढून फेकलेला असे. काढणाऱ्यांत मीही होतो.

द्वारकेजवळ टायर-पंक्चरचे एक दुकान आहे, तिथे मी अधूनमधून बसतो. कोपऱ्यात दोन सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा जुना कॉम्प्रेसर. हवा विकणे हाच त्या माणसाचा धंदा, वीजमीटर त्याच्या डोक्यावरच. परवा मी गेलो तर तो टाकीजवळ उकिडवा बसून मान वाकडी करून ऐकत होता. ‘उस्ताद, कुठंतरी जातेय हवा,’ तो म्हणाला. ‘ऐका ना.’ मी कान दिला. मला रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला, हॉर्न ऐकू आला, बाकी काही नाही. तसे मी त्याला म्हटले. त्याने हसून वाटीत साबणाचे पाणी केले, जुन्या टूथब्रशने एकेका जोडावर लावत गेला. पहिला जोड कोरडा, दुसराही. तिसऱ्यावर, कॉकच्या देठाशी, एक बुडबुडा फुगला, थरथरला आणि फुटला. लगेच दुसरा आला. ‘दिसला?’ त्याने विचारले. मी हो म्हणालो. त्याने १९ नंबरचा पाना मागितला, मी तो दिला.